सैल कपड्यांतली श्रीमंती

मुंबई-गोवा महामार्ग संगमेश्वराजवळ शास्त्री आणि सोनवी या दोन्ही नद्या ओलांडतो, मग हातखंबा, लांजा, राजापूर, कणकवली, कुडाळ करत पत्रादेवीला गोव्यात शिरतो. पेडणे तालुका संपता संपता आणखी एक मोठा पूल लागतो. खालची नदी शापोरा. वर महाराष्ट्रात तिचंच नाव तिलारी. पूल ओलांडला की बार्देशातलं कोलवाळ. वेंडल रॉड्रिक्स हे फॅशन डिझायनर १९९३ मध्ये मुंबई सोडून या गावात राहायला आले आणि १२ फेब्रुवारी २०२० रोजी इथेच वारले. मधल्या काळात त्यांच्या कपड्यांना जर्मनीतून, दुबईतून, पॅरिसमधून बोलावणी आली. मुंबई-दिल्लीबाहेर राहून भारतात फॅशनचा धंदा होत नाही असं तेव्हा सगळेच म्हणत, आणि बऱ्याच अंशी ते खरंही होतं.

रॉड्रिक्स यांचे कपडे महाग होते, पण त्यांवर टिकली नव्हती, खडा नव्हता, जरीचा भार नव्हता. साधा पांढरा सुती अंगरखा, उरेब कापलेला लांब झगा, ढगळ विजार. फॅशनच्या भाषेत याला रिसॉर्ट वेअर म्हणतात. हा ज्या मोठ्या कुळातला प्रकार आहे त्या कुळाला नाव आहे स्पोर्ट्सवेअर, आणि इथे वाचक अडखळणार हे उघड आहे. आपल्याकडे स्पोर्ट्सवेअर म्हटलं की ट्रॅकपँट, बनियनसारखा टीशर्ट आणि पाठीवर नंबर. अमेरिकेतल्या फॅशनधंद्यात मात्र गेली शंभर-एक वर्षं या नावाखाली वेगळंच काही विकलं जातं: एकमेकांत अदलाबदल करून घालता येणारे सुटे कपडे, दासीच्या मदतीशिवाय स्वतःचे स्वतःला चढवता येणारे, ज्यांत वाकता येतं, जिना चढता येतो, हात डोक्यावर नेता येतो. हे कपडे खेळासाठी म्हणून जन्मले आणि खेळ संपल्यावरही बायकांनी ते उतरवले नाहीत.

युरोपात याची सुरुवात समुद्रकिनारी झाली. कोको शनेल हिने १९१३ मध्ये फ्रान्सच्या दोव्हील या सहलीच्या गावी दुकान काढलं आणि जर्सी नावाचं विणीचं कापड बायकांच्या बाहेरच्या कपड्यांना वापरलं. तोवर ते प्रामुख्याने पुरुषांच्या आतल्या कपड्यांचं कापड होतं, म्हणजे चारचौघांत दिसू नये असं. त्यानंतर आली टेनिसपटू सुझान लेंग्लेन. घोट्यापर्यंतचे झगे आणि घट्ट कंबरपट्टे घालून बायका खेळत होत्या त्या काळात ही गुडघ्याच्या थोडं खाली येणारा चुण्यांचा रेशमी स्कर्ट आणि बिनबाह्यांचं विणीचं जाकीट घालून कोर्टावर उतरली. १९२१ पासून तिचे कपडे झाँ पातू हा पॅरिसचा डिझायनर करत होता. लेंग्लेनचा खेळ पाहायला येणाऱ्या श्रीमंत बायकांना टेनिस खेळायचं नव्हतं, तसं दिसायचं होतं. पातूने हे ओळखलं आणि १९२५ मध्ये आपल्या दुकानात खेळाच्या कपड्यांचा वेगळा विभागच काढला. लक्झरी स्पोर्ट्सवेअरचा पाया हा असा आहे: अंगमेहनतीचा कपडा, जो अंगमेहनत न करणाऱ्यांना विकला गेला.

या टेनिसच्या जगात एक मराठी नावही आहे, आणि तेही कोकणाशी नातं सांगणारं. १९३४ मध्ये लीला राव विम्बल्डनच्या एकेरीत सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री ठरली. तिची आई पंडिता क्षमा राव, संस्कृतात कथा-काव्यं लिहिणारी आणि स्वतः टेनिस गाजवलेली; आजोबा शंकर पांडुरंग पंडित, सावंतवाडीकडचे वेदाभ्यासक. त्यामुळे बाईने खेळताना काय घालावं हा प्रश्न आपल्या घरांतही नव्वद वर्षांपूर्वी येऊन गेला होता. तो पॅरिसच्या दुकानापुरता नव्हता.

पातूनंतर लगाम अमेरिकेच्या हातात गेला. क्लेअर मॅकार्डेल ही मेरीलँडमधली डिझायनर. तिचा १९३८ चा एक झगा तंबूसारखा सरळ खाली पडायचा. त्याला कंबर शिवलेलीच नव्हती. पट्टा कुठे बांधायचा, बांधायचा की नाही, हे घालणारीने ठरवायचं. १९४२ मध्ये, युद्धामुळे घरची कामं बायकांच्याच अंगावर पडलेली असताना, तिने गुंडाळून बांधायचा एक डेनिमचा झगा काढला. किंमत ६ डॉलर ९५ सेंट, आणि त्याला गरम भांडं धरायचा हातमोजाही जोडलेला. मॅकार्डेलने बायकांच्या कपड्यांना खिसे दिले, आणि ही गोष्ट ऐकायला वाटते तेवढी लहान नाही. आजही पंजाबी ड्रेस शिवायला टाकताना ‘खिसा लावा हं’ असं वेगळं सांगावं लागतं.

तिच्यापाशी अजून एक कसब होतं. पॅरिसचे डिझायनर एका श्रीमंत बाईच्या मापाने एक पोशाख शिवत. मॅकार्डेलचे कपडे कारखान्यात निघायचे आणि हजारो वेगवेगळ्या अंगांवर बसायला हवे असायचे. म्हणून गुंडाळणं, बांधणं, पट्ट्याने आवळणं या युक्त्या. साडीला हे कधीच शिकवावं लागलं नाही.

आता कोकणात येऊ. जुलैत संगमेश्वर तालुक्यातल्या कुठल्याही शेतात लावणी चालू असताना पाहावं. तरवा हातात घेऊन बाई कमरेत वाकलेली असते, पाय पोटऱ्यांपर्यंत चिखलात, आणि ती तासन्‌तास मागे मागे सरकत असते. नऊवारीचा काष्टा मागे घट्ट खोचलेला, निऱ्या गुडघ्यापर्यंत वर घेतलेल्या, पदर कमरेला. या कपड्यात दोन पाय वेगवेगळे हलतात, वाकल्यावर काही सुटत नाही, भिजलं तरी पायात अडकत नाही. आता जुन्या बायाच अशी साडी नेसतात, तरुणी गाउनवर शर्ट चढवून शेतात उतरतात, पण निकष तोच. हालचाल आधी, दिसणं नंतर. मॅकार्डेल आणि पातू ज्या गोष्टीमुळे इतिहासात गेले ती या किनाऱ्यावर रोजच्या कामात होती. तिला कुणी डिझाइन म्हटलं नव्हतं, कारण ती गरिबाच्या अंगावर होती.

माझं म्हणणं असं की रॉड्रिक्स यांचं सगळं काम या दोन टोकांच्या मधल्या जागेत झालं. त्यांनी उष्ण, दमट किनाऱ्यावर अंगाला सोसेल असा कपडा घेतला आणि तो पॅरिसच्या कापणीने कापला. यात त्यांचं मोठेपण आहे आणि एक अडचणही, तिच्याकडे पुढे येतो.

त्यांचा जन्म २८ मे १९६० चा, मुंबईतला. कुटुंब गोव्याचं कॅथलिक, लहानपण माहीमचं. फॅशनचा आणि त्यांचा सुरुवातीला काही संबंध नव्हता. शिक्षण केटरिंगचं झालं. १९८२ मध्ये ते मस्कतला गेले आणि रॉयल ओमान पोलिसांच्या अधिकारी क्लबात नोकरीला लागले. तिथेच त्यांची गाठ जेरोम मारेल या फ्रेंच गृहस्थांशी पडली, जे पुढे आयुष्यभराचे जोडीदार झाले. आखाती पगार साठवून त्यांनी चांगली चालू असलेली नोकरी सोडली आणि १९८६ ते ८८ या काळात लॉस एंजेलिसला आणि पॅरिसला फॅशन शिकले. आपल्या भागातून आखातात गेलेल्यांची घरं, विहिरी, बहिणींची लग्नं त्या पगारातून झाली. कुणी तो शिवणकाम शिकण्यात घातला असता तर घरी काय बोलणी बसली असती याची कल्पना वाचकांनी करावी.

पॅरिसमध्ये कामासाठी ते आपली चित्रांची वही घेऊन फिरले. वहीत होते युरोपी धाटणीचे पोशाख, चांगले सफाईने काढलेले. तिथे त्यांना विचारलं गेलं, यात तुमचा देश कुठे आहे? हा प्रश्न त्यांनी पुढे अनेकदा सांगितला. भारतीय डिझायनरकडून असा ‘देश’ मागितला की बहुतेकांच्या डोक्यात लगेच राजवाडा, हत्ती आणि जरदोजी येते. रॉड्रिक्स यांच्या डोक्यात बहुधा गोवा आला: चुन्याच्या भिंती, दुपारची झोप, अंगावरचा पातळ सुती कपडा.

परत आल्यावर गार्डन वरेली, लॅक्मे अशा कंपन्यांची कामं करून त्यांनी पोट भरलं आणि १९८९ च्या सुमारास स्वतःच्या नावाने कपडे काढायला घेतले. पहिल्या शोला पैसे इतके तुटपुंजे होते की दाखवलेल्या पोशाखांपैकी थोडेच पुरे होऊ शकले. ऑर्गन्झाचा अंगरखा होता, पण त्याखालच्या विजारीला कापड नव्हतं. मेहेर जेसियासारखी तेव्हाची आघाडीची मॉडेल तसेच कपडे घालून चालली. पुढे वर्तमानपत्रांनी त्यांना मिनिमलिझमचे गुरू म्हटलं. मिनिमलिझम म्हणजे कमीत कमी घटकांत काम भागवणं. या गुरुपदाच्या मुळाशी थोडा पैशांचा तुटवडाही होता, हे मला फार आवडतं.

कमी शिवणं हे खरं तर जास्त अवघड. भरतकाम खूप असलं की त्याखाली कापणीतली चूक दडते. साध्या पांढऱ्या कपड्यात खांद्याची टीप अर्धा सेंटिमीटर सरकली तरी दिसते. म्हणून अशा डिझायनरचा बराच वेळ मांजरपाटावर जातो. आधी स्वस्त मांजरपाटात नमुना शिवायचा, तो बाहुलीवर किंवा माणसावर चढवायचा, चालायला-बसायला लावायचं, ओढ कुठे बसते ते पाहायचं, उसवायचं, पुन्हा शिवायचं. मग कागदी पॅटर्न. मग प्रत्येक मापासाठी ते पॅटर्न वाढवणं-घटवणं. कटिंग मास्टर चांगला नसेल तर डिझायनरचं चित्र कागदावरच राहतं, आणि तरीही मासिकांत फोटो येतो तो डिझायनरचाच.

रॉड्रिक्स ज्यासाठी ओळखले गेले ती उरेब कापणी समजून घ्यायची तर घरातला सुती हातरुमाल घ्यावा. दोन्ही हातांनी कडेला समांतर धरून ओढला तर तो ताणत नाही, कारण आपण थेट ताण्याचा किंवा बाण्याचा धागा ओढत असतो. आता समोरासमोरचे दोन कोपरे धरून तिरपा ओढा. तो चांगला इंच-दोन इंच लांबतो आणि सोडला की मागे येतो. धागे लांबलेले नसतात. त्यांच्यामधल्या चौकोनांचे तिरके चौकोन झालेले असतात. कापडाची उभी बाजू अशी पंचेचाळीस अंशांत फिरवून कपडा बेतला की साध्या सुतालाही लवचीकपणा येतो. कपडा अंगावर सरळ न पडता वळणांवरून ओघळतो, चालताना पायाबरोबर जातो. मादलेन व्हिओने या फ्रेंच डिझायनरने १९२० च्या दशकात हे तंत्र शिखराला नेलं. आपल्याकडच्या शिंप्यांना ते गळ्याच्या उरेब पट्टीपुरतं आणि चुडीदारापुरतं ठाऊक होतंच. चुडीदार पोटरीवर चिकटूनही गुडघा वाकतो तो याचमुळे.

उरेब कापणीची किंमत कापडात मोजावी लागते. तिरपे तुकडे ठेवले की कोपरे वाया जातात. शिवाय उरेब कपडा शिवण्याआधी टांगून ठेवावा लागतो, म्हणजे तो स्वतःच्या वजनाने जेवढा खाली यायचा तेवढा येतो, आणि मगच खालची दुमड घालता येते. घाई केली तर दोन धुण्यांत घेर एका बाजूने लोंबू लागतो. साध्या दिसणाऱ्या झग्याचा आकडा एवढा का, या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. उरलेलं अर्धं नावाचं मोल, त्याबद्दल वाद घालता येतो.

कापडाचंही तसंच. कापूस हवेतली ओल शोषतो: प्रयोगशाळेच्या ठरलेल्या हवेत सुताच्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के पाणी त्यात मुरलेलं असतं, पॉलिएस्टरमध्ये अर्धा टक्कासुद्धा नाही. म्हणून घामेजल्या अंगावर सूत बरं वाटतं. पण घाम धो धो वाहू लागला की हेच सूत पाणी धरून बसतं, जड होतं, अंगाला चिकटतं. पळणाऱ्या मुलीला म्हणून आता पॉलिएस्टरचा टीशर्ट देतात; त्याच्या धाग्यांमधल्या बारीक फटींतून घाम बाहेरच्या पृष्ठभागावर ओढला जातो आणि तिथून उडतो. कोकणात मात्र उडण्याचीच पंचाईत. हवेत आधीच इतकी ओल असते की घाम वाळायला जागा मिळत नाही. अशा हवेत एकच उपाय पुरतो: कपडा अंगापासून थोडा दूर ठेवायचा, म्हणजे आत वारा खेळतो आणि चालताना कपडाच पंख्याचं काम करतो. रॉड्रिक्स यांचे ढगळ अंगरखे नुसत्या चवीचा भाग नव्हते. एअरकंडिशन नसलेल्या खोलीत बसून जो कपडे बेततो, त्याला हे कुणी शिकवावं लागत नाही.

धंद्याच्या बाजूने पाहिलं तर ते प्रवाहाच्या उलट पोहत होते. भारतात महागडा कपडा म्हणजे लग्नाचा कपडा, आणि त्याची किंमत ढोबळमानाने वजनावर ठरते: किती जरदोजी, किती किलोचा लेहेंगा. अशा बाजारात ‘यावर काहीच नाही’ असा कपडा विकायचा म्हणजे गिऱ्हाइकाला आधी पाहायला शिकवायचं. परदेशात ते सोपं गेलं. १९९५ मध्ये जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या इगेडो या तयार कपड्यांच्या प्रचंड जत्रेला निमंत्रण मिळालेले ते पहिले भारतीय डिझायनर. दुबई, पॅरिसचं प्रेत-अ-पोर्ते प्रदर्शन ही पुढची ठिकाणं. नैसर्गिक रंग, खादी, पर्यावरणाला न दुखवणारा कपडा याबद्दल ते इथे बोलू लागले तेव्हा ती टूम नव्हती. २०११ मध्ये न्युरेनबर्गच्या बायोफाख या सेंद्रिय मालाच्या प्रदर्शनात त्यांनी खादीच नेली.

देशातही चौकट बदलत होती. २००० मध्ये दिल्लीत लॅक्मे इंडिया फॅशन वीक सुरू झाला, आणि तो उभा करणाऱ्यांत रॉड्रिक्स होते. पुढे मुंबईच्या लॅक्मे फॅशन वीकने आपल्या उन्हाळी हंगामाला ‘समर रिसॉर्ट’ असं नाव दिलं. युरोपात रिसॉर्ट हंगाम निघाला तो थंडीत उबदार किनाऱ्यांवर जाणाऱ्या धनिकांसाठी. आपण त्या उबदार किनाऱ्यावर बारा महिने राहतो. नव्या मुली हेरण्यातही त्यांची नजर पक्की होती. अनुष्का शर्मा २००७ मध्ये त्यांच्याच शोमध्ये पहिल्यांदा मंचावर चालली, दीपिका पडुकोणचं नाव पुढे सरकवण्यातही त्यांचा हात होता. या गोष्टी चवीने सांगितल्या जातात, पण कापडाच्या गोष्टीपुढे मला त्या दुय्यम वाटतात.

इथे कोल्हापूरच्या भानू अथैय्या आठवतात. जे. जे. मध्ये चित्रकला शिकून त्या मासिकांसाठी फॅशनची चित्रं काढू लागल्या, तिथून बुटीकमध्ये आणि बुटीकमधून सिनेमात गेल्या, आणि ‘गांधी’साठी १९८३ मध्ये जॉन मोलो यांच्या जोडीने ऑस्कर मिळवलं. मराठी घरांत ‘फॅशन डिझायनर’ म्हटलं की पहिलं नाव त्यांचंच निघतं. पण वेशभूषाकार एका पात्रासाठी, एका प्रसंगासाठी कपडा करतो. कपड्यांच्या लेबलचा डिझायनर अशा बाईसाठी करतो जिला त्याने पाहिलेलं नाही, आणि जिने तो कपडा पुढची दहा वर्षं, धुऊन, इस्त्री करून, थोडं वजन वाढल्यावरही घालायचा असतो.

आता ती अडचण. २०१० च्या सुमारास रॉड्रिक्स यांनी गोव्याची कुणबी साडी हाती घेतली. लाल-पांढऱ्या बारीक चौकड्यांची, जाड सुताची, आखूड; गुडघ्याच्या आसपास नेसायची आणि खांद्यावर गाठ मारायची, म्हणजे शेतात वाकल्यावर पदर सुटायला नको. (गोव्यातले कुणबी-गावडे आणि आपल्याकडचे तिल्लोरी कुणबी एकच नव्हेत, पण भातशेतीने दोघांच्या साडीला गुडघ्यावर आणलं.) गोव्यात ती विणणारे माग जवळजवळ बंद पडले होते. रॉड्रिक्स यांनी ती पुन्हा विणून घेतली, शहरातल्या बाईला नेसता यावी म्हणून लांबी वाढवली, रंग वाढवले, त्याच चौकड्यांतून झगे आणि अंगरखे काढले आणि सगळं दिल्लीच्या फॅशन वीकच्या मंचावर नेलं.

त्यामागे अभ्यास होता. लिस्बनच्या पोशाख संग्रहालयात वेळ घालवून, गोव्यात घराघरांतल्या पेट्या उघडून त्यांनी ‘मोडा गोवा’ हा ग्रंथ २०१२ मध्ये काढला. त्याच वर्षी ‘द ग्रीन रूम’ हे आत्मचरित्रही आलं. गोव्यात कपडा हा धर्माचा आणि सत्तेचा प्रश्न होता: १७३६ च्या इन्क्विझिशनच्या फर्मानात देशी ख्रिस्ती पुरुषांना धोतर आणि बायकांना चोळी घालायला बंदी होती. त्या बंद्यांच्या कचाट्यातूनच पानो-बाजूसारखा पोशाख घडला: खाली गुंडाळून नेसलेलं वस्त्र, वर जरीकामाचा सैल बाजू, खांद्यावर तुवाल. वरच्या थरातल्या कॅथलिक बायका तो घालून मांडो नाचत. युरोपी झगाही नाही आणि साडीही नाही, असा हा मधला कपडा. अशा मधल्या कपड्यांची जाण असलेला माणूसच उरेब कापलेला कुर्ता पॅरिसला विकू शकतो.

पण कुणबी साडीच्या बाबतीत मला पूर्ण समाधान वाटत नाही. मोलमजुरी करणाऱ्या बाईचा कपडा मंचावर गेला तेव्हा त्याची किंमत त्या बाईच्या आवाक्याबाहेर गेली. पातूच्या दुकानात टेनिसच्या स्कर्टचं झालं तेच इथे. उलट बाजूही खरी आहे: कुणी हात लावला नसता तर ती साडी विणायची कशी हेच विसरलं गेलं असतं, आणि आज गोव्यातल्या तरुण मुली समारंभाला ती अभिमानाने नेसतात. फायदा कुणाला किती झाला याचा हिशेब मात्र मागावर बसणाऱ्याच्या बाजूने मांडायला हवा. बाजारात यंत्रमागावरच्या लाल-पांढऱ्या चौकड्याही ‘कुणबी’ म्हणूनच खपतात आणि नवख्या गिऱ्हाइकाला फरक कळत नाही. हातमागाचं कापड उलटसुलट करून पाहिलं, कडेला मागाच्या खिळ्यांची बारीक भोकं दिसतात का, धागा कुठे जाड-बारीक होतो का हे तपासलं तर पुष्कळदा उलगडा होतो.

२०१४ मध्ये रॉड्रिक्स यांना पद्मश्री मिळाली. दोन वर्षांनी, अजून साठीही गाठली नसताना, त्यांनी आपलं लेबल शुलेन फर्नांडिस या आपल्याकडेच काम शिकलेल्या गोव्याच्या डिझायनरकडे सोपवलं आणि कोलवाळचं राहतं घर पोशाखांच्या संग्रहालयासाठी मोकळं केलं. आपल्या नावाचं दुकान जिवंतपणी दुसऱ्याच्या हाती देणं भारतीय फॅशनमध्ये फार क्वचित घडतं. बहुतेक ठिकाणी नावाबरोबर हट्टही शेवटपर्यंत चालतो.

स्पोर्ट्सवेअर दरम्यान फिरून पुन्हा खेळाकडे आलं आहे. १९५८ मध्ये ड्युपाँ कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी स्पॅन्डेक्स, म्हणजे लायक्राचा धागा शोधला. तो कित्येक पट ताणून पुन्हा मूळ लांबीवर येतो. उरेब कापणी जे कौशल्याने साधायची ते रसायनाने स्वस्त केलं. २००५ मध्ये स्टेला मॅकार्टनी आणि आदिदास यांचे कपडे बाजारात आले आणि व्यायामाची चड्डीही डिझायनरच्या नावाने विकली जाऊ लागली. शिवण बदलली: अंगाला घासू नये म्हणून कापडाच्या कडा एकावर एक न चढवता सपाट जोडणारं फ्लॅटलॉक मशीन आलं, आणि दोन पायांच्या जोडावर चौकोनी तुकडा बसवायची पद्धत रूढ झाली, म्हणजे मांडी घातली तरी टीप उसवत नाही. हा तुकडा आपल्याला नवा नाही. जुन्या अंगरख्याच्या काखेत शिंपी चौबगला घालत तो याच कामासाठी.

देवरुखला आता डी-कॅडसारखं कला-डिझाइनचं महाविद्यालय आहे, खारघरला निफ्ट आहे; संगमेश्वर तालुक्यातल्या मुलीला या धंद्यात शिरायला मस्कतमार्गे जावं लागत नाही. तिथे शिकून बाहेर पडणाऱ्या कुणीतरी एक काम घ्यावं असं मला वाटतं, कारण ते अजून कुणीच धड केलेलं नाही. मॅकार्डेलने अमेरिकी स्वयंपाकघरासाठी कपडा बेतला, रॉड्रिक्स यांनी गोव्याच्या उकाड्यासाठी. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. त्या चार महिन्यांत स्कूटीवरून शाळेत शिकवायला जाणारी, बँकेत बसणारी, शेतात वाकणारी बाई पुरुषांच्या मापाचा, आतून घामाने भिजवणारा प्लॅस्टिकचा रेनकोट घालते, खाली सलवारीचा घोळ चिखलात. वरून पाणी न शिरणारा, आतून वाफ बाहेर सोडणारा, काखेत चौबगला असलेला, काष्ट्यासारखे दोन पाय मोकळे ठेवणारा आणि खिसे असलेला कपडा बेतायचं सगळं साहित्य आज भिवंडी-इचलकरंजीच्या बाजारात मिळण्यासारखं आहे. तो पहिल्यांदा महागच पडेल, आणि पहिल्यांदा तो पावसाळी सहलीला निघणारी मुंबईची बाईच विकत घेईल. पातूच्या काळापासून हा धंदा तसाच चालत आला आहे. लावणीला उतरणाऱ्या बाईला परवडेल अशा भावात तो किती वर्षांत येतो, हे डिझायनरपेक्षा कारखानदारावर अवलंबून राहील.